बाबा-संच

कपाट शनिवारी सकाळी साडेनऊला आलं आणि साडेदहाच्या आत भिंतीला लागूनही झालं. बसवायला आलेली मुलगी चटपटीत होती. तिने चार स्क्रू आवळले, दार दोनदा उघडझाप करून दाखवलं आणि म्हणाली, "तुम्ही फक्त कपडे आत ठेवत जा सर. कुठला कधी घालायचा, कशाची काय स्थिती आहे, सगळं दारावर दिसेल. लपून काही राहत नाही याच्यात." हसत हसत सही घेऊन ती निघून गेली. शार्दूल बाळाच्या खोलीत एकटाच उरला. तिचं शेवटचं वाक्य काही त्या खोलीतून जाईना.

उद्या दुपारी सानिका येणार होती. नोव्हेंबरात, सातव्या महिन्यात ती चंद्रपूरला माहेरी गेली, ती आता एप्रिल संपता संपता तीन महिन्यांच्या गोदाला घेऊन नाशिकला परतणार होती. भिंतींना रंग झाला होता, पाळणा टांगला होता, खिडकीला जाड पडदे लागले होते. राहिलं होतं ते कपाट आणि त्यात लावायचे कपडे. ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जानेवारीपासून माळ्यावर पडून होते. शार्दूलने आज ते खोकं खाली काढलं आणि बाळाच्या खोलीत न नेता थेट वॉशिंग मशीनपाशी नेऊन ठेवलं.

आई भाजी आणायला गेली होती. तिला यायला तासभर तरी लागला असता. साठ अंशांचं पाणी, अर्धा तास, की काम फत्ते. सानिकाला काय सांगायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. कामाच्या मावशींनी चुकून धुतले म्हणायचं. मावशी आठवड्यापूर्वीच गावी गेल्या होत्या, त्यामुळे त्या बिचाऱ्या नाही म्हणायला येणार नव्हत्या. माणूस एकदा लपवायला लागला की खापर कोणाच्या डोक्यावर फुटतंय याचं त्याला काही वाटेनासं होतं. शार्दूलचं तसंच झालं होतं, आणि तो काही मुळात वाईट माणूस नव्हता.

हे कपडे साधे नव्हते. ते स्पंदसुताचे होते, आणि स्पंदसूत म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुती धाग्याला पीळ देताना त्यात केसाहून बारीक असा एक तंतू गुंफतात. हा तंतू वाकला की त्यात किंचित वीज तयार होते, आणि उलट त्याला वीज दिली की तो वाकतो. एवढं तर कधीपासून माहीत होतं. नवा शोध पुढचा होता. एकाच हृदयाचा ठोका त्या तंतूवर लाखो वेळा पडत राहिला, तर त्याच्या आतले रेणू त्या ठोक्याच्या वळणाने बसतात. रोजच्या वापराने पायजम्याचा गुडघा फुगतो ना, तसं. मग माणूस दूर गेला तरी वळण राहतं. कापडाला अंगाची ऊब लागली की धागा तोच ठोका आणि तोच श्वास हलकेच परत करायला लागतो. मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. तीन किलोच्या जिवाला मात्र जाणवतं.

पहिले प्रयोग अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झाले. आईच्या ठोक्याच्या दुपट्यात गुंडाळलेली बाळं कमी रडली, शांत झोपली, भराभर वजन धरू लागली. त्यांचे श्वास त्या कापडाच्या तालाला लागत. दवाखान्यांतून हे सूत घरोघरी पोचायला चार-पाच वर्षं लागली. आपल्याकडे मात्र एका हुशार कंपनीच्या लक्षात आलं की इथे पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी जाते आणि बाप कित्येक महिने स्वतःचं मूल फोनवरच बघतो. त्यांनी बाबा-संच काढला. झबली, दुपटी, कुंची, गोधडी अशी बारा वस्त्रं, आणि छातीशी खिसा असलेली एक बंडी. बापाने एकेक वस्त्र घडी करून त्या खिशात ठेवायचं आणि सहा दिवस, सहा रात्री बंडी अंगावेगळी करायची नाही. आंघोळीपुरती काढली तर चालेल. बारा वस्त्रांना बहात्तर दिवस. धाग्यावरचं वळण पुसायचं झालं तर साठ अंशांचं पाणी. रेणू पुन्हा विस्कटतात आणि कापड कोरं होतं.

सानिकाने जाण्याआधी संच मागवला तेव्हा आईने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. बाळ यायच्या आधी बाळाचे कपडे घरात आणायचे नाहीत, हे तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि ती ते पाळत आली होती. त्यावर अण्णा म्हणाले, "कपडे कुठे आहेत ते? ते मोजमापाचं उपकरण आहे." अण्णांनी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. शार्दूलचे वडील असले तरी ते सगळ्या सोसायटीचेच अण्णा होते. एखादी वस्तू मोजमापाची आहे असं त्यांनी म्हटलं की ती पवित्र झाली. आईने मग विषय सोडला.

शार्दूलने बंडी जेमतेम अकरा दिवस घातली. तेही कशीबशी. त्याचा द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन पुरवायचा व्यवसाय होता आणि नोव्हेंबर म्हणजे ऐन फवारणीचा हंगाम. दिवसभर निफाड आणि दिंडोरीच्या बागांतून फिरायचं, वर ही जाड बंडी, घाम, खाज. बागायतदार विचारत, "साहेब, कंबरेचा पट्टा वर चढला का काय?" तिसऱ्यांदा हा विनोद झाला त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने बंडी खुर्चीवर फेकली. समोर अण्णा पेपर वाचत बसले होते.

"अण्णा, तुम्ही दिवसभर घरातच असता. घालाल का ही? बाळाला काय, कोणाचा का ठोका असेना."

"सानिकाला चालेल?"

"तिला सांगायचंच कशाला?"

अण्णांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून बंडी घातली, बटणं लावली आणि माहितीपत्रक मागून घेतलं. त्यातली सहा पानं त्यांनी दोनदा वाचली. शार्दूलने अर्धवट भरलेलं दुसरं वस्त्रही त्यांनी पहिल्यापासून नव्याने घेतलं, कारण मापात खोट त्यांना चालायची नाही. पुढचे दोन महिने ती बंडी त्यांच्या अंगावरून हलली नाही. रात्री झोपताना आई म्हणे, "अहो, काढा की थोडा वेळ." तर म्हणत, "एकशे चव्वेचाळीस तास म्हणजे एकशे चव्वेचाळीस तास." आईला गंमत वाटायची. सानिकाला कळू द्यायचं नाही, एवढं तिघांत ठरलं होतं, आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच.

प्रत्येक वस्त्र पुरं झालं की शार्दूल ते संचाबरोबर आलेल्या चकतीवर ठेवून तपासायचा. निकाल त्याच्या फोनवर यायचा. चौथ्या वस्त्राला, नोव्हेंबरच्या शेवटी, निकालाखाली एक ओळ आली. 'ठोक्यांमध्ये विराम आढळले. हृदयतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.' ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग लगेच स्वतःची समजूत घातली. यंत्राला वाटतंय की बंडीत तेहतीस वर्षांचा माणूस आहे. सदुसष्टाव्या वर्षी ठोका थोडा इकडेतिकडे व्हायचाच. शिवाय अण्णांना डॉक्टरकडे न्यायचं तर कशावरून कळलं ते सांगावं लागणार. डॉक्टर ठोक्यांची नोंद मागणार, नोंद सानिकाच्या नावावरच्या खात्यात, म्हणजे तिला कळणार की नवऱ्याने बाळासाठी दोन महिने एक बंडी घातली नाही. हंगाम संपू दे, मग बघू. सहाव्या वस्त्राला तीच ओळ आली. मग सातव्या, आठव्या, नवव्या, दहाव्याला, आणि शेवटी बाराव्याला. सातही सूचना त्याने उघडल्या, वाचल्या आणि बोटाने बाजूला सारल्या.

पहिली सहा वस्त्रं चंद्रपूरला गेली. जानेवारीत गोदा झाली, आणि बाराव्या दिवशी बारशाला हे तिघं तिकडे गेले. बायकांच्या गर्दीने आणि पाळण्याच्या गाण्यांनी गोदा घाबरून रडत होती. शार्दूलने घेतलं तर ती आणखी ताणून रडली. सानिकाच्या आईने घेतलं, मावशीने घेतलं, काही उपयोग नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "द्या इकडे." त्यांनी तिला छातीशी धरली, आणि अर्ध्या मिनिटात रडणं थांबलं. पाच मिनिटांत ती गाढ झोपली. सगळे हसले, आजोबांची लाडकी म्हणाले. सानिका मात्र नवल करत म्हणाली, "अशी कशी रे ही? झबली तर तुझी घालून राहिली, अन् तुलाच ओळखत नाही." शार्दूलही हसला. त्याचे कान गरम झाले होते. अण्णांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की त्या दिवशी शार्दूलला वाटलं, झालं ते बरंच झालं.

मार्चच्या मध्यात लिफ्ट बंद होती. अण्णा दूध घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर टेकले आणि भिंतीला डोकं लावून तसेच गेले. पिशवी मांडीवर नीट ठेवलेली होती. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. सगळी विचारपूस करून ते म्हणाले, "ठोका मधूनमधून थांबत असणार आधीपासून. कळलं असतं तर खांद्याखाली एवढंसं यंत्र बसवलं असतं. माणूस आणखी पंधरा वर्षं जिने चढला असता." आई तेव्हा बाहेर बाकावर होती. शार्दूलने बाहेर येऊन तिला एवढंच सांगितलं की काही त्रास झाला नाही त्यांना.

गेला दीड महिना हे त्याची पाठ सोडत नव्हतं. जेवताना, गाडी चालवताना, ड्रोनच्या बॅटऱ्या मोजताना. सात सूचना, सात वेळा बोट. आणि आता या कपाटाच्या दारावर ते सगळं लिहून येणार होतं, सानिकासमोर, आईसमोर. म्हणून वॉशिंग मशीन. चंद्रपूरची सहा आली की त्यांचंही पुढेमागे तसंच करायचं.

सहाही वस्त्रं त्याने आत टाकली. चक्र साठ अंशांवर फिरवलं. बटणावर बोट ठेवलं, तर दाबवेना. या सहा कापडांत अण्णांचा ठोका होता. चंद्रपूरची पाच सोडली, तर जगात दुसरीकडे कुठेही तो आता नव्हता. बोट तसंच ठेवून तो उभा राहिला. दाराची कडी वाजली तेव्हा तो अजून तिथेच होता.

"फाटकावरच मेथी मिळाली," आई आत येत म्हणाली. मग तिची नजर मशीनच्या काचेकडे गेली. "अरे, हे गोदाचे ना? हे गरम पाण्यात घालायचे नसतात म्हणून तूच सांगितलं होतंस ना मला?"

"हो. म्हणजे... चुकून."

"चुकून काय? काढ ते." तिने स्वतःच वाकून एकेक कापड बाहेर काढलं, झटकलं, हातावर घेतलं. शेवटचं दुपटं तिने नाकाशी नेलं. "ह्यांच्या खोबरेलाचा वास येतोय अजून," ती म्हणाली, आणि कपडे घेऊन बाळाच्या खोलीकडे गेली. शार्दूल तिच्या मागे गेला. दुसरं काय करणार होता?

आईला कपाट लावायचं म्हणजे कोण उत्साह. अण्णा गेल्यानंतर तिने पहिल्यांदाच एखाद्या कामाला मनापासून हात घातला होता. खालच्या कप्प्यात लंगोट, तिच्या जुन्या सुती साडीचे, स्वतः शिवलेले. त्यावर टोपडी आणि पायमोजे. कुंची खुंटीला, म्हणजे बाहेर निघताना हाताशी येईल. दुपट्याची घडी तिने तिकोनी घातली, कारण चौकोनी घडी उलगडेपर्यंत बाळ गारठतं असं तिचं म्हणणं. मधल्या कप्प्यात तिने बाबा-संचातलं पहिलं झबलं ठेवलं आणि कपाटाच्या दारावर त्याचं चित्र उमटलं. शेजारी एक नारिंगी ठिपका. दुसरं झबलं, नारिंगी. दुपटं, नारिंगी. गोधडी, पुन्हा तेच. फक्त एका दुपट्यापुढे हिरवा आला.

"हे नारिंगी काय रे?"

"चार्जिंग नाहीये."

"आणि हिरव्याचं आहे? सगळे एकाच खोक्यात तर होते."

"असतं असं कधीकधी."

आईचा चष्मा स्वयंपाकघरात होता, म्हणून वेळ मारून नेता आली. ठिपक्यावर बोट टेकवलं असतं तर सगळी ओळ उघडली असती. ती गोधडीच्या कडा बोटांनी सारख्या करत राहिली. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "सानिकाला आता सांगून टाक बंडीचं. ते गेले. आता कसली लपवाछपवी? उलट आजोबांचा ठोका लेकरापाशी आहे, हे ऐकून तिला बरंच वाटेल."

"सांगतो उद्या."

आईचं बोलणं त्याला फार लागलं. ती किती सहज बोलत होती. तिच्या लेखी लपवण्यासारखं होतं ते एवढंच.

तेवढ्यात सानिकाचा फोन आला. तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

"आज रात्रीचं निघणं रद्द होतंय," सानिका म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "गोदाला सोमवारी नागपूरला न्यायचंय."

"का? काय झालं?"

"तू सांग नं काय झालं ते." ती एकेक शब्द धरून बोलू लागली. गोदा झोपेत मधूनच श्वास थांबवायची. क्षणभरच, पण थांबवायची. लहान बाळं असं करतात म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. पण बाळाला बघणाऱ्या डॉक्टर वासेकरांनी काल विचारलं की बाळ कोणत्या कापडात झोपतं, आणि कंपनीकडून बाबा-संचाची नोंद मागवली. ती आज सकाळी आली होती. बाळाचे श्वास त्या तालाला लागले होते, आणि त्या तालातच विराम होते. ठोके गळत होते. श्वासाच्या तेवढ्या थांबण्याने अपाय नव्हता, काळजी होती ती हृदयाची. डॉक्टर म्हणाले, बापाला इतक्या कमी वयात असं असेल तर ते रक्तातून आलेलं असणार, आणि मग बाळाचं हृदय ताबडतोब तपासलं पाहिजे. चोवीस तास अंगावर तारा लावून ठेवायचं. गरज पडली तर गुंगीचं औषध देऊन पुढची तपासणी करायची.

"सात सूचना आल्या होत्या, शार्दूल. सातही उघडलेल्या आहेत, तारखेसकट. अण्णा गेले तेव्हा मला वाटलंच होतं की हे घराण्यात असेल. सकाळपासून मी तेच करून राहिले, तुझी छाती अशी डोळ्यांपुढे आणून. तू आजारी आहेस अन् मला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? मी बाळंतीण आहे म्हणून?"

ती रडत होती. त्याच्यासाठी रडत होती. शार्दूलने गॅलरीच्या कठड्याला धरलं. आजवर त्याने स्वतःला पुष्कळ काही सांगितलं होतं, पण हे ऐकण्याची तयारी त्याने केली नव्हती. अजूनही एक वाट उरली होती. यंत्र बिघडलेलं होतं असं म्हणता आलं असतं. मी तपासून घेतलंय, सगळं ठीक आहे, म्हणता आलं असतं. पण मग सोमवारी नागपूरला तीन महिन्यांच्या पोरीच्या छातीवर तारा चिकटवल्या गेल्या असत्या, ज्या हृदयाचा तिच्याशी थेट संबंध नव्हता त्या हृदयासाठी.

"ते ठोके माझे नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बंडी मी अकरा दिवस घातली. बाकी सगळी अण्णांनी. दुसऱ्या झबल्यापासून सगळे ठोके अण्णांचे आहेत."

पलीकडून तिने सोडलेला श्वास ऐकू आला, मोठा. "म्हणजे तू बरा आहेस," ती म्हणाली. तो 'हो' म्हणाला. एवढ्या एका गोष्टीवर ती थोडा वेळ थांबली. त्या थोड्या वेळात शार्दूलला वाटून गेलं की कदाचित इथेच संपेल. पण सानिका हिशोबाला पक्की होती, आणि पुढची पायरी यायला वेळ लागला नाही.

"पण सूचना तर तुझ्या फोनवर येत होत्या."

"हो."

"तू वाचत होतास. बंडी अण्णांच्या अंगावर आहे हे माहीत असून."

"हो."

"पहिली नोव्हेंबरातली आहे, शार्दूल. अण्णा मार्चमध्ये गेले."

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं.

"आईंना माहीत आहे?"

"नाही."

"मी डॉक्टरांना आत्ता फोन करते. आजोबांचं म्हटलं तर नागपूरचं ते थांबवतील बहुतेक. तुला मात्र तपासून घ्यावं लागेल, उद्याच्या उद्या घे. अन् आईंना सांग. मी यायच्या आधी. मला ते त्यांना सांगायला लावू नको." मग म्हणाली, "मी उद्या निघीनही. पण गोदासाठी."

फोन बंद झाला. शार्दूल गॅलरीत दोन मिनिटं उभा राहिला असेल. त्याला काही नवीन सुचत नव्हतं, आणि सुचावं असंही वाटत नव्हतं.

आई कपाटापुढे जमिनीवर बसली होती. कपडे लावून झाले होते, ती उरलेल्या टाचण्या आणि कागद गोळा करत होती. तो तिच्यासमोर बसला आणि सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. चकतीचं सांगितलं, सात ओळींचं सांगितलं, बोटाने बाजूला सारल्याचं सांगितलं, गोदाच्या श्वासाचं सांगितलं, आणि दवाखान्यातले डॉक्टर जे म्हणाले होते आणि त्याने दीड महिना गिळून ठेवलं होतं, तेही सांगितलं. आईने त्याला मध्ये थांबवलं नाही. टाचण्या तिने मुठीत धरून ठेवल्या होत्या.

"नारिंगी म्हणजे ते का?" तिने मग विचारलं.

"हो."

"पहिली कधी आली म्हणालास?"

"तीस नोव्हेंबरला."

तिने मान हलवली. ती तारीख ती मनात कुठेतरी नेऊन ठेवत होती, हे त्याला दिसत होतं. तिच्या नवऱ्याचे त्यानंतरचे साडेतीन महिने ती एकेक करून पुन्हा बघत असणार.

"मी हे सगळं धुऊन टाकतो," शार्दूल म्हणाला. "साठ अंशांत कोरं होतं. मग मी घालतो बंडी. या वेळी खरंच घालतो. गोदाला निदान नीट ठोके तरी मिळतील."

"डॉक्टर म्हणाले का तसं, की हे घालू नका?"

"नाही."

"मग राहू दे. तिला त्यावर झोप लागते." तिने मूठ उघडून टाचण्या डबीत टाकल्या. "धुतलंस तर बरं वाटेल ते तुला. तिला नाही, आणि मला तर नाहीच."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती रागावली नव्हती. तिचा चेहरा फक्त एकाएकी म्हातारा दिसायला लागला होता. शार्दूलला तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण तो हक्क आता आपल्याला आहे की नाही, याची त्याला खात्री वाटेना. मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं. पण अपराधी माणूस शेवटी शेवटी असाच बोलतो, ओझ्याला दुसऱ्याचाही हात लागावा म्हणून.

"पण अण्णांना स्वतःला काहीच जाणवलं नसेल का? धाप लागत असेल, चक्कर येत असेल. ते तरी का बोलले नाहीत?"

आईने वर पाहिलं.

"बोलले होते ना. डिसेंबरात जिन्यावर धाप लागली, दोनदा. मीच म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ." तिने पदराने तोंड पुसलं. "तर मला म्हणाले, अगं, शार्दूलचं यंत्र दिवसरात्र माझे ठोके मोजतंय. दर सहा दिवसांनी त्याच्या हातात निकाल जातो. काही कमी-जास्त असतं तर तो मला बोलला नसता का?"

ती डबीचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं.

"मग मीही मागे लागायचं सोडलं," ती म्हणाली.